सालोसाल

ओडेल म्हणायचा, गिऱ्हाइकाला खोड दाखव.
पानं काय, सगळ्याच झाडांना येतात.

म्हणून नदीकाठचा बर्च आम्ही तीन-तीन लावतो, एका कुंडीत,
एकमेकांशी काडीचं नातं नसलेली रोपं:
मे सरताना कॉलिन्स नदीच्या गाळावरून गोळा केलेलं बी,
पुलाखालचं, वळणावरचं, एखादं कुठलं कोण जाणे.
चौथ्या वर्षी ती अशी खांद्याला खांदा लावून उभी राहतात
की लोक विचारतात, एकाच मुळाची ना?
मी हं म्हणते.
आमची निम्मी नर्सरी या एका हंवर चालते.

मग साल सुटू लागते.
आधी कडेला ओठ उचलल्यासारखी,
मग गुंडाळी, मग पापुद्र्यावर पापुद्रा,
पीचच्या गराचा रंग, दालचिनीचा,
अगदी आत कच्च्या कणकेचा.
जानेवारीत टेनेसीतल्या बागांमध्ये
बघण्यासारखं काहीच उरत नाही,
तेव्हा चारच्या उन्हात हे खोड
आत कुणी दिवा ठेवल्यासारखं.
त्याचेच पैसे.

ओडेल गेला त्या साली
साली फार सुटल्या.
मी पोतं भरून ठेवलं.
ओली असली तरी लगेच धरते.
अजून शेगडी त्यावरच पेटवते.

जूनमध्ये टेकडीवरच्या नव्या वस्तीतून फोन:
झाड आजारी आहे, कातडी निघतेय.
एलेउतेरिओ म्हणाला, चुनखडीवर लावलं असणार,
पानं पिवळी पडली असतील.
पडली होती. शिरा हिरव्या, मधे पिवळं.
पण बाईंचं बोट पानांकडे नव्हतं.
खोडापाशी स्टुलावर बसला होता तिचा नवरा,
लमार प्रूइट, हातात खरवडणी,
आणि कमरेएवढ्या उंचीपर्यंत तिन्ही खोडं गुळगुळीत.

चाळीस वर्षं घरं रंगवली, म्हणाला,
पापुद्रा दिसला की हात थांबत नाही.
सुटलेल्यावर दुसरा हात बसतच नाही,
आधी खालचं साफ करावं लागतं.
कशाचा दुसरा हात,
ते त्यालाही सांगता येईना.

मी सांगायचं ते सांगितलं.
मुळाशी गंधक, वर पाइनच्या सुयांचा थर, पाणी भरपूर,
वसंतात फांदी छाटू नका, रस थांबत नाही,
आणि हे, हे असू द्या.
पडायचं तेव्हा पडतं आपलं आपण.
तो ऐकत नव्हता.
डोळे बारीक करून एका खोडाकडून दुसऱ्याकडे,
दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे.
हे एका डब्यातले नाहीत, म्हणाला.
तीन डबे आहेत. डावीकडच्यात लाल जास्त पडलाय.

बावीस वर्षांत कुणी पकडलं नव्हतं.

हं, म्हटलं मी.

मग त्यानं विचारलं, हे संपतं कधी?
काय सांगायचं? ट्रकमध्ये बसवलं, नदीवर नेलं,
जिथलं बी ओडेलनं पहिल्यांदा टोपीत भरून आणलं होतं
त्या झाडाखाली.
बुंधा काळा, जाड, खपलीवर खपली,
भेगांत मुंग्यांची ये-जा.
असं संपतं, म्हटलं. असलं कुणी विकत घेत नाही.

लमारनं खरवडणीच्या मुठीनं दोनदा ठोकून पाहिलं.
अंगठा फिरवला. कान लावला.
पक्कं आहे, म्हणाला,
एका कारागिरानं दुसऱ्याच्या कामाबद्दल म्हणावं तसं.
मग मान मागे टाकून वर बघत राहिला, खूप वेळ.
तिथे पाण्यावर झुकलेल्या बारीक फांद्यांवर
अजून सुटत होती साल, गुलाबी, भुरभुरत.

तिथे शिडी लागेल, म्हणाला.

परत येताना पुढच्या एकाच बाकावर
आम्ही तिघं दाटीवाटीनं,
खरवडणी काचेपाशी,
वळणावळणाला वाजत.